पोकळ झाडाची किंमत

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, जिथे पायवाट भाताच्या शेवटच्या खाचराला वळसा घालून सड्याकडे चढू लागते, तिथे एक बेहडा उभा होता. दोघांनी हात पसरले तरी कवेत न मावणारे खोड, आणि बऱ्याच उंचीवर कधीकाळी वादळात मोडलेल्या फांदीच्या जागी पडलेली ढोली. दर वर्षी शिमग्याच्या सुमारास ककणेरांची एक जोडी तिथे येई. पुस्तकात या पक्ष्याला मलबारी कवड्या धनेश म्हणतात. वाडीत त्याला ककणेर किंवा सरळ गरुड म्हणतात, मग विष्णूच्या वाहनाशी त्याचा काही संबंध असो वा नसो. एके वर्षी मी बेहड्यासमोरच्या करवंदीच्या जाळीआड तीन तास बसून नराचे येणे-जाणे पाहिले. आधी पंखांचा आवाज येतो, लोहाराच्या भात्यासारखा. मग तो शेजारच्या किंजळावर उतरतो, मान वाकडी करून बराच वेळ आजूबाजूला पाहतो आणि खात्री पटली की ढोलीच्या तोंडाशी येऊन खोडाला बिलगतो. चोच रिकामी दिसते. पण मानेला एक हिसडा बसला की घशातून उंबराचे एक फळ चोचीच्या टोकाशी येते. ते फटीतून आत सरकवायचे, पुन्हा हिसडा, पुन्हा एक फळ. त्या एका खेपेत मी तेवीस उंबरे मोजली आणि शेवटी एक सरडा. फटीतून आतल्या मादीच्या चोचीचे टोक तेवढे दिसे.

ती मादी आत अडकलेली नसते, तिने स्वतःला कोंडून घेतलेले असते. अंडी घालण्यापूर्वी ती ढोलीत शिरते आणि आपली विष्ठा व फळांचा चोथा चोचीने थापून ढोलीचे तोंड लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच उभी फट ठेवते. वाळल्यावर हे लिंपण भिंतीसारखे टणक होते. आत बसल्यावर तिच्या पंखांची आणि शेपटीची पिसे झडतात आणि पुन्हा नवी येतात, म्हणजे मधल्या काळात तिला उडताच येत नाही. कवड्या धनेशाची मादी अडीच-तीन महिन्यांनी, पिल्ले उडण्याजोगी झाली की त्यांच्याबरोबरच बाहेर पडते. महाधनेशाची मादी पिल्लू अर्धे वाढल्यावर भिंत फोडून बाहेर येते आणि ते पिल्लू आतून पुन्हा तोंड लिंपून घेते. या सगळ्या काळात घरट्याचा संसार एकट्या नराच्या घशावर चालतो. तो मेला, किंवा ढोलीच गेली, तर सगळेच संपते.

तो बेहडा चार वर्षांपूर्वी गेला. मालकाने डोंगराचा तो तुकडा कटिंगला दिला होता. मार्चचा शेवट होता, आमच्याकडचे ट्रक याच दिवसांत वर चढू शकतात. झाड पडले तेव्हा ढोलीपाशीच फाटले आणि आतून मादी निघाली. तिच्या पंखांत पिसे नव्हती. मी मालकाला विचारले की या झाडाचे किती मिळाले. तो खोटे बोलणारा माणूस नाही. तो म्हणाला, सगळ्या डोंगराचे उक्ते पैसे ठरले होते, बेहड्याच्या वाट्याला किती आले ते कोण सांगणार? खोड पोकळ असल्यामुळे ठेकेदाराने ते हिशेबातही धरले नव्हते. आडवे येत होते म्हणून पाडले, आणि पाडलेच आहे तर जळाऊ म्हणून नेले.

माझे म्हणणे त्या उत्तरापासून सुरू होते. महाराष्ट्रात धनेश वाचवायचा असेल तर प्रश्न अभयारण्ये किती वाढवायची, हा मुख्यतः नाही, आणि झाडे किती लावायची, हा तर मुळीच नाही. खाजगी जमिनीवर उभ्या असलेल्या, लाकूड म्हणून कवडीमोल ठरलेल्या, म्हाताऱ्या आणि पोकळ झाडाला किंमत द्यायची की नाही, आणि ती कोणी मोजायची, हा खरा प्रश्न आहे. ही किंमत शासनाने आणि शहरातल्या पक्षिप्रेमींनी मालकाच्या हातात रोख ठेवावी, असे माझे मत आहे.

धनेशाला चोच मोठी असली तरी सुतारपक्ष्यासारखे खोड कोरता येत नाही. त्याला तयार ढोली लागते. ढोली तयार होते ती फांदी मोडून, बुरशी लागून, गाभा कुजून आणि सुतारपक्ष्याने सुरू केलेले भोक वर्षानुवर्षे रुंदावत जाऊन. तीही अशी हवी की आत दीड हात उंचीचा पक्षी, त्याची अंडी आणि पुढे पिल्ले मावतील, आणि तोंड मात्र लिंपता येण्याइतके अरुंद असेल. महाधनेश तर चोचीपासून शेपटीपर्यंत तीन-साडेतीन फूट लांब आणि दोन ते चार किलो वजनाचा. त्याला सामावणारी ढोली ज्या खोडात पडते ते खोड तेवढे जाड व्हायलाच शतकाच्या आसपासचा काळ जावा लागतो. म्हणूनच बेहडा, सातवीण, आंबा, नाना यांसारखी वाढून जुनी झालेली झाडे धनेशाच्या घरट्यासाठी महत्त्वाची ठरतात. चांगली ढोली मिळाली की तीच जोडी वर्षामागून वर्षे तिथे येते. एका तालुक्यात अशा ढोल्या बोटांवर मोजता येतील इतक्या असल्या तर त्या तालुक्यातले धनेशही बोटांवर मोजण्याइतकेच राहतात, मग फळे कितीही पिकोत. डोळ्यांना हिरवागार दिसणारा डोंगर धनेशाच्या दृष्टीने ओसाड असू शकतो, कारण त्यावरचे प्रत्येक झाड वीस वर्षांचे असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. खाजगी जमिनीवरील झाडे तोडण्याचे नियमन महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याने होते. त्याला एक अनुसूची आहे: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यादी वाचताच ध्यानात येते की ती लाकूड, फळ आणि औषध यांचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. हिरडा आहे, बेहडा नाही. ऐन-किंजळ आहेत, सातवीण नाही. वड, उंबर, नांदरूक, सावर यांपैकी एकही नाही. १९६४ साली सरकारला जे झाड मोलाचे वाटत होते तेच आजही मोलाचे आहे, बाकी सारे रायवळ. यादी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यासमोर तोच प्रश्न होता. पण साठ वर्षांत जंगलाबद्दल आपल्याला जे कळले त्यातले या यादीत काहीच उतरलेले नाही, हे मात्र आपले पाप आहे.

यावर कोणी म्हणेल की सरकार आता जुन्या झाडांचा विचार करू लागले आहे. करू लागले आहे, हे खरे, पण शहरात. २०२१ साली महाराष्ट्रातल्या नागरी क्षेत्रांसाठीच्या वृक्ष कायद्यात दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज ट्री’चा दर्जा देण्याची तरतूद झाली. म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या आवारातला साठ वर्षांचा गुलमोहर वारसा ठरू शकतो आणि देवरुखच्या वरच्या डोंगरातला दोनशे वर्षांचा बेहडा जळाऊ लाकूड. त्याच दुरुस्तीत आणखी एक गंमत आहे: तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी रोपे भरपाई म्हणून लावायची. कागदावर हा हिशेब न्याय्य दिसतो. परंतु दीडशे वर्षांच्या झाडाच्या बदल्यात लावलेल्या दीडशे रोपांत मिळून एकसुद्धा ढोली नसते, आणि धनेशाच्या पुढच्या कित्येक पिढ्यांना ती मिळणारही नाही. झाडांची भरपाई झाडांच्या संख्येने होते, या समजुतीवरच २०१९ साली राज्यात ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला गेला. रोपे लावण्याला माझा विरोध नाही. पण रोप लावणे हे जुने झाड राखण्याचे दुसरे नाव होऊ शकत नाही, आणि आपल्याकडे नेमके तसेच होऊन बसले आहे.

दुसरीकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ उघडून पाहावा. त्यात शिकारीची व्याख्या पुष्कळ व्यापक आहे. पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा अंडी व घरटी यांना त्रास देणे हीसुद्धा शिकारच. महाधनेश तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसलेला. तेव्हा घरटे असलेले झाड मार्चमध्ये पाडणे ही कायद्याच्या भाषेत शिकार आहे. प्रत्यक्षात एक कायदा ज्याला शिकार म्हणतो त्याकडे दुसरा कायदा ढुंकूनही पाहत नाही, कारण झाड अनुसूचीत असेल तर त्याची जात, घेर आणि मालकी तपासली जाते, अनुसूचीत नसेल तर तेवढेही नाही, आणि फांदीच्या खोबणीत कोण राहते हे विचारण्याची रीतच नाही. मी हे मालकाला तुरुंगात घालण्यासाठी सांगत नाही. कायदा कडक असूनही तो नेमका जिथे लागू व्हायला हवा तिथे आंधळा आहे, एवढेच दाखवायचे आहे.

मग कायदा आणखी कडक करावा, हे पहिले उत्तर सुचते, आणि तेच चुकीचे आहे. कारण कोकणातला जमीनमालक वनखात्याचे नाव ऐकताच का दचकतो, हे ठाऊक नसलेल्या माणसालाच ते सुचू शकते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सरकारी वन फारच थोडे, बहुतेक झाडोरा खाजगी मालकीचा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अनेकांच्या वडिलोपार्जित जमिनी एका रात्रीत सरकारजमा झाल्या किंवा सातबाऱ्यावर ‘वन’ असा शेरा चढला. सिंधुदुर्गात ‘पस्तीस सेक्शन’ आणि ‘वनसंज्ञा’ हे जमिनीला वन ठरवणाऱ्या शेऱ्यांचे शब्द म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी आहेत. घर बांधायचे, बँकेचे कर्ज काढायचे, जमीन वाटून घ्यायची, तर आधी तो शेरा आडवा येतो. अशा माणसाला ‘तुमच्या झाडावर दुर्मीळ पक्षी आहे, त्याची नोंद करू या’ असे सांगितले, तर तो पक्ष्याकडे पाहणार नाही, सातबाऱ्याकडे पाहील. आणि नोंद होण्याच्या आत झाड तोडून मोकळा होईल. हे मी कल्पनेने सांगत नाही. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची चर्चा २०११ साली माधव गाडगीळ समितीच्या अहवालाने सुरू झाल्यापासून आमच्या भागात ‘उद्या तोडता येणार नाही, आजच तोडा’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. या क्षेत्राच्या २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७ हजार ३४० चौरस किलोमीटर क्षेत्र धरलेले आहे. त्या मसुद्याचा रोख खाणी, प्रदूषणकारी कारखाने आणि मोठी बांधकामे यांवर आहे, आणि त्या जागी तो योग्यच आहे. पण बेहड्याच्या ढोलीपर्यंत तो पोचत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ साली वृक्षतोडीवर बंदी घातली, तरी रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी डोंगर उघडे पडत राहिले, याचे कारण नुसत्या मनाईने मालकाच्या हिशेबात काही फरक पडत नाही. मनाई जंगल राखण्याचा खर्च मालकावर टाकते आणि राखल्याचा लाभ इतरांना देते.

जुन्या काळी हा हिशेब वेगळ्या नाण्यात चुकता होत असे. ते नाणे भीतीचे होते. नळ-दमयंतीच्या कथेत कली नळाच्या अंगातून निघाला तो बेहड्यात शिरला, म्हणून बेहडा अपवित्र; त्याच्या सावलीत बसू नये, त्याचे लाकूड घराला लावू नये. सातविणीवर भुते राहतात. आश्विनात तिच्या फुलांचा जड वास संध्याकाळी वाडीवर उतरला की आमची आजी पोरांना आत बोलवी. आणि देवराईतले झाड तर देवाचेच. तिथली वाळकी काटकी उचलायची तरी गाऱ्हाणे घालून कौल घ्यायचा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा आजूबाजूचे डोंगर बोडके होऊनही राईत शिल्लक राहिलेले प्रचंड वृक्ष आणि वेली त्यांना आढळल्या होत्या. भुतांची भीती गेली, याचे मला दुःख नाही. ती जायलाच हवी होती. पण तिच्या जागी दुसरे काही आले नाही, आणि नेमक्या त्याच वेळी करवत पेट्रोलवर चालू लागली. देवाचे भय अजून आहे, पण तेही आता वेगळ्या दिशेने काम करते: गावातून मुंबईला गेलेली मंडळी वर्गणी काढून मंदिराचा जीर्णोद्धार करतात, कौलारू मंदिराच्या जागी स्लॅबचा सभामंडप उठतो आणि त्याच्या खर्चाला हातभार म्हणून राईतली चार मोठी झाडे विकली जातात. कौल घेऊनच विकली जातात. देवही आता मंडपाच्या बाजूने कौल देतो, असे म्हणायचे.

इथे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे, की एका पक्ष्यासाठी एवढे का? भारतात धनेशाच्या नऊ जाती आहेत, त्यांतल्या चार आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात. राखी धनेश तर पुण्या-मुंबईच्या वडा-पिंपळांवरही दिसतो. मलबारी राखी धनेश मात्र पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही नाही, आणि तो व महाधनेश हे दोघेही आता जागतिक यादीत असुरक्षित ठरलेले आहेत. पण दुर्मिळतेच्या यादीपेक्षा मला धनेशाचे काम अधिक पटणारे वाटते. फळे खाणारे बहुतेक पक्षी लहान तोंडाचे असतात. बुलबुल किंवा तांबट उंबर टोचू शकतो, पण जंगली जायफळ, गुळंब, धूप यांच्या मोठ्या बिया त्यांच्या आवाक्याबाहेरच्या. धनेश ही फळे अख्खी गिळतो, गर पचवतो आणि बी शाबूत ओकून टाकतो, तेही मूळ झाडापासून पुष्कळ दूर. काजऱ्याचे फळ घ्या. त्याच्या बीत माणसाला मारण्याइतके विष असते. कवड्या धनेश भोवतालचा गर मटकावतो आणि बी टाकून देतो. बेहड्याखाली उभे राहिले की या पक्ष्याचा सगळा जमाखर्च पायांशी पडलेला दिसे: उंबराच्या बियांचा राळा, काजऱ्याच्या चपट्या चकत्या, जांभळाच्या आठळ्या, आणि त्यांतून उगवलेली बोटभर उंचीची रोपे, ज्यांच्या जातीचे एकही झाड आसपासच्या पन्नास पावलांत नव्हते. म्हणजे डोंगरावर पुढच्या शतकात काय उगवणार, हे ठरवणारा जो नोकर बिनपगारी राबतो, त्याचे घर आपण जळणात घालतो. शासनाने लावलेल्या रोपांना पाणी घालायला माणूस नेमावा लागतो, यांना लागत नाही.

मुंबईकरांना धनेश मानचिन्ह म्हणून फार प्रिय आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर तोच आहे, तिच्या इमारतीचे नावच हॉर्नबिल हाऊस. त्या मागचा ‘विल्यम’ नावाचा महाधनेश १८९४ साली कारवारकडून आला आणि १९२० पर्यंत, सव्वीस वर्षे, सोसायटीच्या कचेरीत राहिला. गोष्ट लडिवाळ आहे. तिच्यावर बोट ठेवायचे कारण एवढेच की धनेशावर प्रेम करणारी मुंबई आणि ज्याच्या डोंगरात धनेश राहतो तो माणूस, यांच्यामध्ये आजवर पैशाचा व्यवहार झालाच नाही. झाला तो छायाचित्रांचा. मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या नळीचे कॅमेरे घेऊन गाड्या येतात, ढोलीसमोर तिकाटण्या रोवल्या जातात, नर लांबच्या फांदीवर बसून वाट पाहत राहतो आणि आत मादी उपाशी. जाताना पाहुणे चहाचे पैसे देतात.

हा व्यवहार दुसऱ्या प्रकारे होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे. अरुणाचल प्रदेशातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या जंगलात २०११-१२ पासून घरटी दत्तक घेण्याची योजना चालू आहे. निशी समाजाचे गावकरी, ज्यांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच मिरवली जाई, तेच आता नेमून दिलेल्या घरट्यांवर लक्ष ठेवतात, कोणत्या दिवशी मादी आत गेली आणि कोणत्या दिवशी पिल्लू बाहेर आले याची नोंद ठेवतात, आणि त्यांचा मोबदला शहरांतल्या देणगीदारांकडून जमतो. टोपीवर खऱ्या चोचीऐवजी फायबरची चोच आली. त्याआधी दक्षिण थायलंडच्या बुडो डोंगरात धनेशांच्या अभ्यासक पिलाई पूनस्वाद यांनी घरट्यांतून पिल्ले चोरून विकणाऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले होते. ज्या ढोल्यांचा तळ खचला किंवा तोंड बुजले त्या ढोल्यांची डागडुजीही तिथे केली जाते. या दोन्ही ठिकाणी जंगल बहुतांशी सरकारी किंवा सामूहिक आहे. आपल्याकडे ते सातबाऱ्यावर आहे, हा फरक मोठा आहे, पण तो योजनेच्या विरोधात जात नाही. पैसे कोणाला द्यायचे हे इथे उलट अधिक स्पष्ट आहे.

शासनाने असे पैसे द्यावेत का, असे विचारणाऱ्यांनी १९९० आठवावे. त्या वर्षी महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या शेतकऱ्याला आंबा-काजू लावण्यासाठी पैसे दिले. ती योजना कोकणाच्या अर्थकारणाला वरदान ठरली, हे मी आनंदाने मान्य करतो. आमच्या घरचे काजू त्याच पैशांतले. पण त्या काजूसाठी जे डोंगर साफ झाले त्यांवर काय उभे होते, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. डोंगर साफ करून कलमे लावायला शासन पैसे देऊ शकते, तर कलमांच्या मधोमध एक बेहडा उभा ठेवायलाही देऊ शकते. खर्चही डोळे पांढरे करणारा नाही, कारण घरटी असलेली झाडे थोडीच आहेत. तीच तर अडचण आहे. दर वर्षी जूनमध्ये, पिल्ले उडून गेल्यावर, घरटे यशस्वी झाल्याची खात्री करून मालकाच्या खात्यात रक्कम जमा व्हावी. झाडाचे लाकूड विकून एकदा जे मिळाले असते त्याहून ती दोन-तीन वर्षांत जास्त भरावी. ज्या वर्षी जोडी येणार नाही त्या वर्षी निम्मी द्यावी, कारण झाड तर उभेच आहे. सगळ्यांत महत्त्वाची अट अशी की या नोंदीमुळे जमिनीच्या वापरावर कोणताही शेरा चढणार नाही, असे शासनाने लेखी द्यावे.

आक्षेप येतील. लोक खोटी घरटी दाखवतील, हा पहिला. दाखवतीलही, पण लिंपलेली ढोली आणि दिवसातून अनेकदा फळे घेऊन येणारा नर यांचे नाटक उभे करणे सोपे नाही, आणि आपल्या राज्यात ज्या योजनांत कागदावरच्या विहिरी खणल्या गेल्या त्यांच्यापेक्षा ही तपासायला सोपी आहे. निसर्ग राखणे हे कर्तव्य आहे, त्याचे पैसे घेतले की भाव नासतो, हा दुसरा आक्षेप, आणि तो सहसा अशा लोकांकडून येतो ज्यांच्या नावावर डोंगर नसतो. मला यातला एक अंश खरा वाटतो. देवराईला पैसे देऊ नयेत. तिथे अजून जे शिल्लक आहे ते पैशाने बिघडेल, तिथे मंडपाला पर्यायी वर्गणी देणे हाच शहाणपणा. पण मालकीच्या डोंगराला हा न्याय लावता येत नाही. तिथला भाव आधीच पैशाचा आहे, फक्त तो ठेकेदार ठरवतो.

पैशाची व्यवस्था लागेपर्यंत दोन गोष्टी विनाखर्च करता येतील. १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीत बेहडा, सातवीण, वड, उंबर आणि नांदरूक यांची भर घालावी आणि ठराविक घेरापुढच्या कोणत्याही झाडाला, मग ते कोणत्याही जातीचे असो, परवानगी लागावी. आणि जानेवारीपासून मेअखेरपर्यंत, म्हणजे धनेशांच्या माद्या आत बसलेल्या असतात त्या काळात, ढोली असलेले झाड पाडता येऊ नये. ठेकेदारांची कुरकुर होईल, कारण त्यांचा हंगामही तोच आहे. पण समुद्रात पावसाळी मासेमारीबंदी आपण दर वर्षी पाळतो, तेव्हा विणीच्या हंगामात हात आवरणे ही कोकणाला नवी गोष्ट नाही.

गेल्या दिवाळीत हे सगळे मी त्या मालकाला सांगितले. त्याच्या दुसऱ्या डोंगरात अजून एक सातवीण आहे, तिच्या ढोलीत दोन वर्षांपासून ककणेर येतो, आणि त्या झाडाला ठेकेदाराची मागणीही येऊन गेली आहे. तो शांतपणे ऐकत होता. मी थांबलो तेव्हा तो उठला, आतून सातबाऱ्याची घडी घालून घालून मऊ झालेली प्रत घेऊन आला आणि माझ्यासमोर पसरून म्हणाला, “पैशाचं नंतर बघू. आधी मला दाखव, यात नक्की कुठल्या रकान्यात काय लिहिणार?”